आणखी किती दिवस टाळ्याच वाजवायच्या?

आपल्याकडे भाषणांची टंचाई आहे, असे कुणी म्हणणार नाही. जयंती आहे, पुण्यतिथी आहे, सत्कार आहे, उद्‌घाटन आहे, शाळेचे स्नेहसंमेलन आहे, धर्मग्रामाच्या सणाचा दिवस आहे. प्रत्येक प्रसंगी मंडप आहे, ध्वनिक्षेपक आहे आणि त्या ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून ‘दोन शब्द’ म्हणता म्हणता पाऊण तास घेणारे गृहस्थही आहेत. टंचाई आहे ती बोलणाऱ्यांची. कोणत्याही तालुक्याच्या गावी जावे आणि गेल्या वीस वर्षांच्या निमंत्रणपत्रिका एकाखाली एक मांडून पाहाव्यात. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक, आभारप्रदर्शक अशी सारी मिळून दहाबारा नावे फिरून फिरून येतात. उरलेल्या गावाचे काम ठरलेले: वेळेवर येणे, सतरंजीवर बसणे आणि टाळ्या वाजवणे. आमचे म्हणणे असे की, ज्या गावात तीच दहा माणसे बोलतात ते गाव मुके आहे, मग तेथे कितीही कर्णे वाजत असोत. हे मुकेपण आणखी एका व्याख्यानमालेने जाणार नाही, आणखी एका स्पर्धेने तर मुळीच नाही. त्यासाठी लहानसे, नेमाने भरणारे, प्रत्येकाला बोलायला लावणारे वक्तृत्व मंडळ लागते. अशी मंडळे गावोगाव निघाली पाहिजेत, आणि याहून अवघड गोष्ट म्हणजे निघाल्यावर ती जगली पाहिजेत.

उदाहरणासाठी आम्ही पुणे-मुंबई घेत नाही, गंगाखेड घेतो. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर, परभणी-परळी लोहमार्गावर वसले आहे. पाठीशी बालाघाटचे डोंगर, भोवती कापूस, सोयाबीन आणि ऊस. आणि त्याच तालुक्यातून दरवर्षी दुसऱ्यांचा ऊस तोडायला बिऱ्हाडे पाठीवर घेऊन निघणारी कुटुंबे. आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच हे गाव पाहिले असेल. मराठवाड्यात आपली कुटुंबे मोजकी आणि विखुरलेली आहेत. तरीही गंगाखेडच का? कारण संत जनाबाईचा जन्म तेथला. दामा नावाच्या माणसाची ही लेक लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि दळण, कांडण, झाडलोट करीत तिने जन्म काढला. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ज्या घरात नामदेव होता त्या घरात ऐकण्यासारखे पुष्कळ होते. जनाबाई नुसती ऐकत बसली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. पण ती बोलली, आणि सातशे वर्षांनंतरही तिचा शब्द जात्यावर बसलेल्या बाईच्या ओठी टिकून राहिला. गंगाखेडात तिच्या नावाचे मंदिर आहे, तिच्या नावाचे महाविद्यालय आहे. दळण टाकून आलेली बाई उठून सात मिनिटे बोलेल आणि बाकीचे ऐकतील, असे ठिकाण कोठे आहे, हा प्रश्न आम्ही गंगाखेडला आणि गंगाखेडच्या निमित्ताने प्रत्येक गावाला विचारीत आहोत.

मराठवाड्याचा माणूस सभेत बोलायला कचरतो, असे पश्चिमेकडचे लोक सहज बोलून जातात, जणू तो त्या काळ्या मातीचाच गुण. हे अज्ञान आहे. तेथील माणसे गप्प राहिली नाहीत, त्यांना गप्प बसवले गेले. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी घरातल्या मुलाला शिकायचे तर आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवूनच शिकावे लागे. १९२९ साली निझाम सरकारचे ‘गश्ती निशान ५३’ निघाले आणि पूर्वपरवानगीवाचून सार्वजनिक सभा घेणे अशक्य झाले. चार माणसे जमवून बोलायचे तर आधी अर्ज, मग चौकशी, मग नकार. अशा दिवसांत १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. ते परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होते, हे परभणीकरांनी विसरू नये. १७ सप्टेंबर १९४८ ला राजवट संपली, बंदी उठली. परंतु बंदी उठली म्हणून जीभ आपोआप सुटत नाही. तिला सवय लागते, आणि सवय लावणारी जागा कुणी निर्माण केली नाही.

वक्ते निर्माण झाले नाहीत काय? झाले, आणि थोर झाले. नरहर कुरुंदकरांचा जन्म १९३२ चा, नांदापूरचा. ते गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातल्या या प्राध्यापकाला ऐकण्यासाठी माणसे कोसाकोसावरून येत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला, व्यासपीठावरच, त्यांची प्राणज्योत मालवली. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी नारायण सुर्वे होते. जन्मतःच टाकून दिलेले आणि एका गिरणी कामगाराने वाढवलेले हे पोर त्या व्यासपीठापर्यंत पोहोचले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण वाचकहो, थोर वक्ता आपल्यामागे थोर श्रोते ठेवून जातो. वक्ते ठेवून जाईलच असे नाही. आपण कुरुंदकरांची आठवण काढतो ती ‘काय बोलायचे!’ अशी. त्यांना ऐकून आपण काय बोलू लागलो, हा हिशेब कुणी मांडीत नाही.

ही खोड एकट्या मराठवाड्याची नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा निघाली, तिच्या मराठी शाखेचे, ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. त्या सभेत तरुण मुले स्वतः निबंध लिहीत आणि उभे राहून वाचून दाखवीत. बाहेरचा पाहुणा बोलवावा आणि आपण ऐकावे, असा तो प्रकार नव्हता. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजही दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे अशी भरते, आणि दीडशे वर्षे एखादा उपक्रम टिकणे ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. ती माला चालवणाऱ्या संस्थेचे नाव मात्र वक्तृत्वोत्तेजक सभा. वक्तृत्वाला उत्तेजन देणारी! त्या नावातला हेतू मराठी गावांनी उचललाच नाही. उचलली ती माला. मोठा वक्ता बोलवायचा, त्याच्या मानधनासाठी वर्गणी काढायची, त्याला गाडीने आणायचे, हार घालायचा आणि गेला की वर्षभर त्याच्या आठवणी काढायच्या. याला आम्ही श्रवणोत्तेजक सभा म्हणू. श्रवणाला आमचा विरोध नाही. कीर्तन ऐकत, प्रवचन ऐकतच हा महाराष्ट्र घडला. पण पोहणे पाहून पोहता येत नाही, हे नदीकाठच्या गावाला आम्ही वेगळे सांगायला नको.

दुसरे सोंग वक्तृत्व स्पर्धेचे. या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आम्हांवर अनेकदा आला आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. विषय तेच: पर्यावरण, स्त्रीभ्रूणहत्या, मोबाईल शाप की वरदान. भाषण गुरुजींनी लिहिलेले किंवा मोबाईलवरून उतरवून घेतलेले. मूल ते पाठ करते, कोणत्या शब्दाला कोणता हात वर करायचा तेही पाठ करते, आणि एक ओळ विसरले की चारशे माणसांसमोर रडते. त्या दिवशी ते मनाशी ठरवते की पुन्हा म्हणून ध्वनिक्षेपकापाशी जायचे नाही. एकाच्या हातात करंडक आणि चाळीसांच्या मनात धास्ती, असा हा व्यवहार आहे. जिंकणाऱ्याचेही कल्याण होत नाही. त्याला स्वतःचे म्हणणे मांडता येते असे सिद्ध झालेले नसते. दुसऱ्याचे म्हणणे घोकता येते एवढेच सिद्ध होते. शिवाय महाविद्यालय सुटले की स्पर्धाही सुटली. पस्तिशीच्या गृहिणीसाठी, पन्नाशीच्या शेतकऱ्यासाठी, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलासाठी कुठली स्पर्धा? आणि आता या पोकळीत ‘स्टेज डेअरिंग’ शिकवणारे वर्ग शिरले आहेत. तीन दिवसांत आत्मविश्वास, शुल्क आगाऊ. चौथ्या दिवशी शिकणारा घरी जातो तेव्हा त्याला ऐकायला कुणी नसते.

मग वक्तृत्व मंडळ म्हणजे नेमके काय? त्याचा एक चांगला घडलेला नमुना जगात आहे आणि तो परदेशी आहे म्हणून नाकारण्याचे कारण नाही. राल्फ स्मेडली नावाचा गृहस्थ अमेरिकेत वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संस्थेत नोकरीला होता. १९०५ साली इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी त्याने पाहिले की संस्थेत येणाऱ्या मोठ्या मुलांना चारचौघांत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही. त्याने त्यांचे एक मंडळ काढले आणि मेजवानीच्या वेळी छोटी भाषणे करण्याच्या रिवाजावरून त्याला ‘टोस्टमास्टर्स’ असे नाव दिले. आज शंभराहून अधिक देशांत हे क्लब चालतात आणि आपल्या शहरांतही आहेत. बैठक तास-दीड तासाची. दोघे-तिघे तयारी करून आलेले असतात, त्यांना साधारणतः पाच ते सात मिनिटे. पाच मिनिटांना हिरवी खूण, सहाला पिवळी, सातला लाल. मग आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बाकीच्यांनी एकदोन मिनिटे बोलायचे. आणि यानंतर जे होते त्यासाठी आम्ही हा सारा खटाटोप सांगतो आहोत: प्रत्येक तयार भाषणाचे मूल्यमापन दुसरा एक सभासद उभा राहून करतो. काय चांगले झाले, काय सुधारावे, पुढच्या वेळी काय करून पाहावे, हे दोनतीन मिनिटांत आणि सर्वांसमक्ष. एकजण घड्याळ सांभाळतो, एकजण भाषेकडे लक्ष देतो, एकजण ‘अं’, ‘आं’ मोजतो. (आपल्याकडे हा मोजणारा ‘खऱ्या अर्थाने’, ‘जे आहे ते’ आणि ‘या ठिकाणी’ मोजू लागला तर त्याची वही एका सभेत भरेल.) पुढच्या बैठकीला कामे फिरतात. आज बोललेला उद्या घड्याळ धरतो, आज घड्याळ धरलेला उद्या बोलतो. येथे गुरू नाही, परीक्षक नाही, करंडकावाचून काही अडत नाही, आणि श्रोता म्हणून नुसते बसण्याची सोयही नाही.

आता या स्मेडलीच्या गोष्टीतला जो भाग कुणी सांगत नाही तो सांगतो. त्याचे ब्लूमिंग्टनचे मंडळ टिकले नाही. त्याची बदली झाली, तो दुसऱ्या गावी गेला, तेथे मंडळ काढले; तेथूनही बदली झाली आणि तेही बंद पडले. असे गावामागून गाव. तो असेतो मंडळ चाले, तो गेला की मिटे. १९२४ च्या २२ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातील सांता आना येथे पुन्हा सुरुवात झाली, तेव्हा कोठे हे रोप जगले. एकोणीस वर्षे गेली त्यात. या वेळी शेजारच्या गावांनी आमच्याकडेही काढा म्हणून मागणी केली, कार्यपद्धती छापली गेली, मंडळांचा संघ झाला, १९३२ साली संस्थेची नोंदणी झाली. मंडळ एका माणसाच्या खांद्यावर उभे राहिले तर त्या माणसाबरोबर बसते, हे तिला कळले होते. म्हणून आज त्या संस्थेत नवा क्लब निघताना वीस सभासद जमल्याशिवाय सनद मिळत नाही. तो काढण्यास जुन्या क्लबातले एकदोन अनुभवी सभासद पाठीशी असतात. आणि सनद मिळाल्यानंतर पुढले सहा महिने ते वर्षभर दुसरे एकदोघे मार्गदर्शक म्हणून येत राहतात. सभासद गळू लागलेल्या क्लबासाठी आणखी निराळी माणसे दिली जातात. जन्माच्या वेळी सुईण आणि नंतर दाई, असा हा चोख बंदोबस्त आहे.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे उद्‌घाटन होते. मोठे होते. मंडळाचे नाव महिनाभर चर्चेत, बोधचिन्ह तयार, कार्यकारिणीत उपाध्यक्ष चार. दीपप्रज्वलनाला आमदार, आणि आमदार येईपर्यंत दोन तास सनईची ध्वनिफीत. पहिल्या बैठकीला दीडशे माणसे, दुसरीला तीस, तिसरीला कार्यकारिणी, चौथीला सचिव आणि शिपाई. मग कुणी तरी म्हणते, ‘आपल्या लोकांना आवडच नाही.’ आवड दीडशेंना होती, म्हणूनच ते आले होते. त्यांना बोलायला मिळाले नाही म्हणून ते गेले. ज्यांना मंडळ काढायचे आहे त्यांनी पहिले वर्षभर उद्‌घाटन करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्षभर टिकले तर हौसेने नारळ फोडावा.

पाठबळ म्हणजे पैसा, हाही एक गैरसमज. परभणीत, नांदेडात, लातुरात, छत्रपती संभाजीनगरात बोलण्याचा सराव असलेले शिक्षक आहेत, वकील आहेत, अशा क्लबांत तयार झालेली नोकरदार मुले आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी पहिले सहा महिने पंधरवड्यातून एकदा रेल्वेने गंगाखेडला जावे. जावे, मागच्या बाकावर बसावे, एका भाषणाचे मूल्यमापन करून दाखवावे आणि परत यावे. त्यांना शाल-श्रीफळ देऊ नये, अध्यक्ष करू नये, त्यांचे भाषण ठेवू नये. सहा महिन्यांनी त्यांनी येणे थांबवावे. थांबवण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असावी, नाही तर पाहुणा घरजावई होतो आणि गाव पुन्हा ऐकत बसते.

आता आक्षेप. पहिला असा की, हे शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांचे खूळ आहे. यात अर्धे सत्य आहे. त्या जागतिक संस्थेची वर्गणी डॉलरांत ठरते. सहामाहीला साठ डॉलर म्हणजे पाच हजार रुपयांच्या घरात. गंगाखेडच्या सोयाबीनवाल्याने एवढे पैसे देऊन सनद घ्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. पद्धत घ्यावी, सनद राहू द्यावी. इंग्रजीचे म्हणाल तर त्या संस्थेतही अन्य भाषांचे क्लब चालतात. आणि पद्धत चालवायला घड्याळ, वही आणि खोली यांपलीकडे काही लागत नाही.

दुसरा आक्षेप भारदस्त मंडळींचा. बोलून काय होणार, काम करा. बोलघेवडे आधीच पुष्कळ आहेत. या मंडळींना आम्ही विचारतो: ज्यांना तुम्ही बोलघेवडे म्हणता ते इतके सोकावले कसे? त्यांना उत्तर देणारे कुणी उठत नाही म्हणूनच ना? सात मिनिटांनी लाल पुठ्ठा दाखवणारी सभा बोलघेवड्याला जितकी जाचते तितकी कुठलीच जाचत नाही. आणि काम करणाऱ्याला बोलावे लागत नाही, हे तर निखालस खोटे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले, शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली. त्यानंतर पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्यापुढे आपले नुकसान क्रमाने, आकड्यांनिशी, न रडता आणि न भांडता मांडणे हे बोलण्याचेच काम होते. ते ज्याला येत नाही त्याच्या वतीने दुसरा बोलतो, आणि दुसरा फुकट बोलत नाही. बोलणाऱ्याची बोरे विकली जातात, ही म्हण आपण हसून सांगतो. न बोलणाऱ्याच्या शेताचे काय होते, हे सांगताना हसू येत नाही.

तिसरा आक्षेप उघड कुणी घेत नाही. तो बायकांच्या बोलण्याचा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्यात आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. कायदा खुर्ची देतो. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या शेजारी उभे राहून बोलणारा तिचा नवरा कायद्याने हटत नाही. तो हटायचा तर तिला आधी कुठे तरी बोलून पाहता आले पाहिजे, चुकून पाहता आले पाहिजे, जेथे चुकले म्हणून मते जाणार नाहीत. १८८९ साली मुंबईत राष्ट्रीय सभेच्या वेळी भरलेल्या सामाजिक परिषदेत पंडिता रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि आवाज पोहोचेना. तेव्हा, माझा आवाज लहान असेल तर नवल कसले, तुम्ही स्त्रीला तो मोठा करण्याची संधी दिलीच कधी, अशा आशयाचे त्यांनी सुनावले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढी विद्या, एवढे मोठे नाव, आणि तरी ही अडचण! ज्या टोस्टमास्टर्सचे आम्ही गुणगान केले त्यांचाही येथे कान धरला पाहिजे. १९७३ पर्यंत त्यांचे दार स्त्रियांना बंद होते. हेलन ब्लँचर्ड या बाईंना १९७० साली ‘होमर’ असे पुरुषी नाव लावून सभासद व्हावे लागले, आणि पुढे १९८५ साली त्याच बाई त्या संस्थेच्या जागतिक अध्यक्ष झाल्या. आपल्या मंडळाने ही पन्नास वर्षांची चूक पुन्हा करू नये. बैठकीची वेळ ठरवताना स्वयंपाकाची वेळ आधी विचारात घ्यावी, मग पुरुषांच्या चहाची.

आणि भाषा. ‘काय करायलाव?’ असे घरी विचारणारा परभणीचा मुलगा ध्वनिक्षेपकापुढे आला की पुण्याचे पुस्तक बोलू लागतो आणि तिसऱ्या वाक्याला अडखळतो. वसईच्या आपल्या मुलांना हे दुःख समजेल. कादोडी आणि वाडवळी बोलणारी किती तरी तोंडे शाळेत ‘शुद्ध बोल’ म्हणून कायमची मिटली आहेत. मंडळात भाषेकडे लक्ष ठेवणाऱ्याने बोलीला चूक म्हणू नये, हा नियम पहिल्या पानावर लिहावा. विचार तुटला, वाक्य अर्धवट सुटले, एकच शब्द दहा वेळा आला, तर अवश्य सांगावे. ‘करायलाव’ म्हटल्याने विचार तुटत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. विरोधाची पत्रके निघाली, पाठीचे दुखणे अनावर होते, तरीही ते मराठवाड्याच्या त्या व्यासपीठावर गेले आणि जे बोलायचे ते बोलले. २०२४ साली ते गेले. आपण त्यांची छायाचित्रे लावली, अभिमान मिरवला. पण त्या अभिमानाने आपण काय केले? आपली मुले मिस्साबलिदानात वाचन करतात, विनवण्या म्हणतात, उच्चारही स्वच्छ असतात. ते वाचन आहे. शब्द दुसऱ्याचे आहेत आणि ते तसेच असायला हवेत. धर्मग्रामाच्या सभेत मात्र कबरस्थानच्या भिंतीचा विषय निघाला की तेच तिघे बोलतात आणि बाकीचे बाहेर येऊन फाटकापाशी बोलतात. फाटकापाशी आपल्यात एकाहून एक वक्ते आहेत.

मोशेने परमेश्वराला सांगितले होते की मला बोलता येत नाही, जीभ जड आहे, आणि त्याच्यासाठी अहरोन दिला गेला. आपल्याला ही कथा फार आवडते, कारण तीत आपली सोय आहे: अहरोन बोलेल, फादर बोलतील, ट्रस्टी बोलतील. पण जो म्हणाला होता की मला बोलता येत नाही, त्याच माणसाची प्रवचने पुढे ‘अनुवाद’ हा ग्रंथ भरून आहेत. मधली चाळीस वर्षे तो लोकांपुढे उभा राहत आला होता, हे आपण वाचताना विसरतो.

म्हणून आपल्या सभागृहात आपल्यापुरते एक ‘ख्रिस्ती वक्तृत्व मंडळ’ काढावे, असे सुचवणाऱ्यांना आमचा विरोध आहे. आपण आपल्यातच पुष्कळ बोललो. गंगाखेडसारख्या ठिकाणी तर आपली दोन-चार घरे असतील नसतील. तेथे मंडळ निघायचे ते गावाचे, आणि त्यात आपला माणूस असायचा तो बाकीच्यांतला एक म्हणून. ज्या वसईत आपली गावेच्या गावे आहेत, तेथेही बैठक चर्चच्या सभागृहात न भरवता सार्वजनिक वाचनालयात भरवावी, जेथे शेजारचा माणूस बिचकल्याशिवाय येईल. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यभर शासनमान्य वाचनालये उभी राहिली. त्यांतल्या कित्येकांचे वाचनकक्ष संध्याकाळी सातनंतर कुलूप लावून अंधारात असतात. त्या खोल्या मागाव्यात. धर्मभगिनींच्या शाळांनी एक वर्ग सुटीच्या दिवशी द्यावा, अट एवढीच की मुख्याध्यापिकाबाईंना अध्यक्षस्थान मिळणार नाही.

गंगाखेडच्या मंडळाने पंचांग मात्र शहराचे वापरू नये. ऊसतोडीला जाणारी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. जूनमध्ये सभासद केलेली माणसे नोव्हेंबरात गैरहजर दिसली म्हणून नावे कमी करणारा सचिव त्या तालुक्यात कामाचा नाही. त्यांच्यासाठी पाडवा ते दसरा हेच वर्ष धरावे, एप्रिल-मेमध्ये बैठका दर आठवड्याला घ्याव्यात, हंगामात महिन्यातून दोन. परत आलेल्याचे पहिले भाषण त्याने पाहिलेल्या कारखान्याचे आणि मुकादमाच्या उचलीचे असू द्यावे. नवरा-बायकोची जोडी तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. मंडळाच्या वहीत ती दोन नावे म्हणून लिहावीत आणि वेळही दोघांना वेगवेगळी द्यावी.

पहिल्या बैठकीला आठ माणसे पुरेत. भिंतीवर घड्याळ हवे. हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगाचे तीन पुठ्ठे हवेत. ते पुस्तकांच्या कव्हरांतून निघतात. खुर्च्या गोलाकार मांडाव्यात, व्यासपीठ असेल तर त्याच्याकडे पाठ करावी, ध्वनिक्षेपक आणूच नये. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःविषयी चार मिनिटे बोलावे आणि शेजाऱ्याने त्यातली एक गोष्ट चांगली व एक गोष्ट सुधारण्याजोगी म्हणून सांगावी. कोण केव्हा बोलले, किती मिनिटे बोलले आणि पुढच्या वेळी घड्याळ कुणाकडे, हे सारे एका दोनशे पानी वहीत लिहावे. ती वही वाचनालयाच्या कपाटात राहावी; कुणाही पदाधिकाऱ्याच्या घरी ती जाऊ देऊ नये, कारण उद्या त्याची बदली झाली तर आठवे पान उघडायला दुसऱ्या कुणाला ती सापडली पाहिजे.